फैजपूरची सुगंधाबाई

रविवारी सकाळी साडेसातला रुपचंदची बायको आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, मला फैजपूरला घेऊन चला. सुगंधाबाईला भेटायचंय." फैजपुरात सुगंधाबाई नावाची बाई राहत नाही. म्हणजे असतीलही चार-पाच, पण धनकुंवरभाभीला जी हवी होती ती नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण तिला मीच जन्माला घातलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, रुपचंदच्या घराच्या पायरीवर, उभ्याउभ्या, एका दमात. मी दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर साबण वाळत होता. आरशात माझ्या मागे दार दिसत होतं, दारामागची खुंटी दिसत होती आणि खुंटीवर रुपचंदचा शर्ट. रुपचंद वैशाखात गेला. दुकानात कापड फाडता फाडता बसला आणि उठलाच नाही. शर्ट मात्र आमच्याकडे राहिला. मी सरकून आरशापुढे असा उभा राहिलो, की ओट्यावरून खुंटी दिसू नये. "आज?" मी म्हणालो. "आज रविवारच आहे ना," ती म्हणाली. रविवारी आम्ही दोघं काय करायचो ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, आता नाही कसं म्हणणार?

आम्ही काय करायचो ते सांगतो. जळगावच्या स्टँडावर जायचं, जिचं इंजिन आधी सुरू होईल त्या गाडीत बसायचं आणि बसल्यावर कंडक्टरला विचारायचं, ही कुठे जाते. तो जे नाव घेईल तिथलं जेवण. एरंडोल, धरणगाव, पारोळा, चोपडा, कधी थेट धुळं. जेवायचं, गाव एकदा पायाखालून घालायचं, परत यायचं. दिवस मावळायच्या आत घरी, ही रुपचंदची अट, कारण तो पक्का जैन. सूर्य बुडाल्यावर त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. बाकी अट कसली नाही. मी तारऑफिसात होतो. आठवडाभर लोकांचे शब्द छाटून द्यायचो. बाप मेल्याचंसुद्धा माणसं तीन शब्दांत उरकतात. छाटलेले शब्द कुठेतरी साचत असावेत. सोमवारी पानाच्या गादीवर मी ते सगळे बाहेर काढायचो. धरणगावला इतकी मोठी भाकरी, की ती उलटायला चौघं लागले. पारोळ्याची शेवभाजी इतकी तिखट, की शेजारच्या टेबलावरच्या टकल्या माणसाच्या डोक्यावर जेवण संपेपर्यंत लव उगवली. चोपड्याला एका सोडावॉटरच्या दुकानात मागच्या खोलीत मला औषध म्हणून काहीतरी मिळालं, दारूबंदी होती ना, आणि रुपचंद समोर बसून लिंबूसोडा पीत माझ्याकडे बघत राहिला. ते खरं होतं, पण तेच कुणाला खरं वाटलं नाही. रुपचंद कधी मला खोडायचा नाही. मान हलवायचा. असा साक्षीदार मिळायला नशीब लागतं.

आणि मग फैजपूर. पहिल्याच हिवाळ्यात गाडीनं आम्हाला तिथे नेऊन टाकलं. जेवायची जागा शोधत केळीच्या बागांमधून चाललो होतो. एका शेतात धूर दिसला. वना आणि त्याची बायको भिकुबाई, शिरपूरकडून येऊन कुणा पाटलाच्या बागेची राखण करणारी जोडी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत बसली होती. हिरवी-पांढरी, हातभर वांगी. साल तडकून आतून पाणी ठिबकत होतं आणि काड्यांवर पडून चुर्र होत होतं. खोलगट लाकडी भांड्यात, बडगीत, ती वांगी ठेचायची, वर कांद्याची पात, लसूण, मिरची, शेंगदाणे. रुपचंदनं जन्मात वांगं खाल्लं नव्हतं. त्यांच्यात चालत नाही, आत बिया फार, बीज तितका जीव. कांदा-लसणाचं तर नावच नको. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा होता. धूर त्याच्या तोंडावर येत होता आणि तो बाजूला होत नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला कधीच विसरता आला नाही. लहानपणी परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीवर बघणाऱ्या पोराचा चेहरा. "नाना," तो म्हणाला, "तू खा. मी बसतो नुसता." तो बसला. मग केळीच्या पानावर भिकुबाईनं न विचारता त्याच्यापुढेही वाढलं, पुऱ्या टाकल्या, आणि त्यानं डोळे मिटून पहिला घास घेतला. डोळे मिटले म्हणजे जणू ते दुसऱ्याच कुणीतरी खाल्लं.

परतीच्या गाडीत तो बडीशेप चावत होता आणि घामानं भिजला होता. घरी भाभी पायरीवरच उभी. "काय जेवलात?" रुपचंदनं तोंड उघडलं, मिटलं. त्याला खोटं बोलता यायचं नाही, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही. कापड आटतं म्हणून स्वतःच सांगायचा. मग मीच सुरू झालो. "भाभी, फैजपूरला एक सुगंधाबाई आहे. विधवा बाई, खास जैनांसाठी चूल चालवते. लाकूड चुलीत घालायच्या आधी तीनदा झटकते, मुंगी जळू नये म्हणून. पाणी दोन पदरी गाळते. आज मुगाची डाळ, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आणि पापड." हे सगळं मी तिथे, पायरीवर, मुळीच न थांबता बोललो, मला वाटतं बोलता बोलता मला त्या बाईच्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्यासुद्धा दिसल्या. भाभीचा चेहरा उजळला. बाहेर नवरा काय खातो याचा तिला रात्रंदिवस घोर. "गट्टे मऊ होते?" तिनं विचारलं. "लोण्यासारखे," मी म्हणालो.

खोटी माणसं खऱ्यांपेक्षा भराभर वाढतात. दोन वर्षांत सुगंधाबाईचा गुडघा दुखू लागला, कारण माझा दुखत होता. भाभीनं तिच्यासाठी घरी केलेलं तेल पाठवलं, ते मी लावलं, मला उतार पडला, आणि सुगंधाबाईलाही पडला हे मी प्रामाणिकपणे कळवलं. पापड यायचे, ते मी आणि रुपचंद गाडीतच खायचो. दिवाळीला लुगडं आलं, ते भिकुबाईला दिलं. एकदा मी बोलण्याच्या भरात सुगंधाबाईला एक मुलगी देऊन बसलो. तेव्हापासून दर वर्षी खण. तो भिकुबाईच्या लेकीला. रुपचंद हिवाळ्यातला दर दुसरा रविवार स्टँडावर फैजपूरच्या गाडीपाशी घुटमळायचा आणि इंजिन आपलं आपण सुरू व्हायची वाट बघायचा; अट म्हणजे अट. धुराचा वास लागतो म्हणून एक शर्ट आमच्याकडे ठेवलेला. जाताना तो घालायचा, येताना खुंटीवर टांगायचा आणि घरचा पांढरा चढवून जायचा. अकरा वर्षं. आता तो वैशाखापासून तसाच टांगलेला. माझी बायको इंदिराबाई दर आठवड्याला विचारते, धुवायला टाकू का, आणि मी म्हणतो, बघू.

भाभीला सुगंधाबाई आत्ताच का हवी होती, तर संवत्सरी चारच दिवसांपूर्वी होऊन गेली. जैनांचा हा मोठा दिवस. वर्षभरात ज्याला ज्याला जाणता-अजाणता दुखवलं असेल त्याच्यापुढे हात जोडायचे, क्षमा मागायची, खमत खामणा म्हणायचं. रुपचंद त्या दिवशी माझ्याकडेही यायचा. दारात उभा राहून हात जोडायचा आणि मी म्हणायचो, जा रे, तू मला काय दुखवणार, तुझ्यात तेवढा दम नाही. यंदा तो नव्हता. म्हणून त्याचा खामणा भाभी करत फिरत होती. दुकानातली नोकर माणसं, भाडेकरू, व्याही, अबोला धरलेला चुलतभाऊ. नेसूची साडी फिकी, कपाळ मोकळं, घराबाहेर पडायला सासरच्यांची कुरकुर. तरी दारोदार गेली. "सगळे झाले, नाना," ती म्हणाली. "एवढी एकच राहिली. अकरा वर्षं तिनं त्यांना जेवू घातलं. कधी काही उणंदुणं बोलले असतील. तिचा खामणा झाल्याशिवाय त्यांची सुटका कशी?" माझ्या गालावरचा साबण पूर्ण वाळला होता. मी तसाच तोंड पुसून निघालो. दिवसभर माझा एक गाल गुळगुळीत होता आणि एकावर खुंट, आणि मला सारखं वाटत होतं, की लोकांना त्यातला खरा कुठला ते कळतंय.

गाडीत सांगायचं ठरवलं होतं. जळगाव सुटल्यावर सांगू म्हटलं, तर ती खिडकीतून बघत होती. लग्न होऊन आल्यापासून या रस्त्याला ती दोनदा आली होती, म्हणाली. सकाळची थेट गाडी चुकली होती, म्हणून भुसावळला गाडी बदलली, तेव्हा सांगू म्हटलं, तर तिनं पिशवीतून डबा काढून दाखवला. "तिच्यासाठी खाकरे. आणि कमलसाठी खण." कमल हे त्या मुलीचं नाव. मी विसरलो होतो. तिच्याजवळ फिरकीचा पितळी तांब्या होता, उकळून गाळलेलं पाणी. तिला उपवास होता, दिवसभर तेवढंच. अगदी तसाच तांब्या रुपचंद बरोबर घ्यायचा. तापीच्या पुलावर आलो. खाली गढूळ पाणी भरून चाललं होतं. आता, मी मनाशी म्हणालो, पूल संपायच्या आत. तार कशी करतात मला चांगली माहीत होती. रुपचंद वांगं खायचा. तीन शब्द. पण तीन शब्दांत काय काय मरतं तेही मी तीस वर्षं खिडकीतून पाहिलं होतं. कागद हातात पडल्यावर माणूस आधी तो उलटा करून बघतो, मागे काही बरं लिहिलंय का म्हणून. हिच्या नवऱ्याला मरून चार महिने झाले होते आणि तो हिच्याजवळ अजून नीट, स्वच्छ, गाळलेला असा शिल्लक होता. तो मी घालवू? शिवाय एक हलकट विचारही होता, लपवत नाही: सांगितलं, तर मी कोण उरतो? पूल संपला. मग मला सुचलं, की भिकुबाईलाच सुगंधाबाई करावं. दोन मिनिटं आधी पळत जाऊन तिला पढवावं. साठीच्या माणसानं केळीतून पळत जायचं, हे चित्र मला इतकं पटलं की मी बराच वेळ त्यातच रमलो आणि फैजपूर आलं.

पळायची वेळच आली नाही. वना बांधावरच बसला होता. त्यानं मला पाहून हाक दिली, "नाना उनात व!" आणि भिकुबाई झोपडीतून हात पुसत बाहेर आली. अंगावर भाभीनंच पाठवलेलं करडं लुगडं. "शेठ का बरं नई उनात?" असं विचारता विचारता तिची नजर माझ्या मागे गेली, भाभीच्या मोकळ्या कपाळावर थांबली, आणि तिनं पदर तोंडाशी नेला. मी तिलाही कळवलं नव्हतं. चार महिन्यांत एक गाडी धरून येणं मला जमलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भाभीनं लुगडं ओळखलं. ती पुढे झाली, हात जोडले आणि म्हणाली, "सुगंधाबाई, त्यांच्या वतीनं—" आणि मी मधेच घाईनं म्हणालो, "हो, हीच सुगंधाबाई." माझा आवाज मलाच परका वाटला. आयुष्यात हजार थापा मारल्या, पण त्या हसत मारल्या. ही पहिलीच भीतीनं मारली आणि म्हणूनच ती लंगडी निघाली.

भिकुबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "नाना, मन्हं नाव तं भिकुबाई शे. सुगंधाबाई कोन शे?"

वना हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. भाभीचे हात जोडलेलेच होते. "ते इथे जेवायचे ना?" तिनं विचारलं. "जेवायचे म्हंजे? हिवाळा लागना का येयेत. त्या तठे बसेत, आंबाखाले." "काय जेवायचे?" मी केळीकडे बघायला लागलो. केळीची पानं वाऱ्यानं फाटतात आणि फाटली तरी तशीच हलत राहतात. "भरीत," भिकुबाई म्हणाली. "वांगानं भरीत." "कांदा?" "बठ्ठं टाकेल ऱ्हाये. कांदानी पात, लसून, मिरची." भाभीनं हात खाली घेतले. माझ्या कानात तारेचं यंत्र वाजत होतं, कट्ट कट्ट कट्ट, आणि संदेश कुठलाच उमटत नव्हता. मला वाटलं ती आता वळेल आणि बांधाबांधानं चालू लागेल, मला मागे जावं लागेल, आणि जळगावपर्यंत आणि त्यापुढे मरेपर्यंत ती माझ्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच असेल. तिनं विचारलं, "पोटभर जेवायचे?"

भिकुबाईला प्रश्नच कळला नाही. "माय, बारा बारा पुऱ्या खायेत. वना मोजे आनि हासे." भाभी आंब्याखाली गेली. तिथे जमिनीला एक सपाट दगड होता. तिनं पदरानं तो अलगद झाडला, मुंगी असेल म्हणून, आणि बसली. "घरी दोन फुलके," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. "तेवीस वर्षं दोन फुलके. तिसरा वाढला की हात आडवा. मला वाटायचं माझ्या हातालाच चव नाही." हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं तिला सुगंधाबाईच्या गट्ट्यांची चव मी रंगवून सांगत होतो आणि ती मऊ होते का म्हणून विचारत होती. कशासाठी विचारत होती ते आत्ता, या दगडाजवळ उभं राहून, मला कळलं आणि माझी मान वर होईना.

मग तिनं पुन्हा हात जोडले, या वेळी भिकुबाईकडे नीट बघून. "भिकुबाई, त्यांच्याकडून जाणता-अजाणता काही दुखावलं असेल, तर माफ कर." "माफी कसानी वं अक्का," भिकुबाई म्हणाली. "गुनी मानूस व्हता." पण ती गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. वना तिला म्हणाला, "जाऊ दे ना." ती म्हणाली, "ती इतली लांबथून इचारा उनी शे, तं सांगू दे. अक्का, एकच गोट मनमा शे. अकरा वरीस शेठनी मन्हा हातनं खादं. पन मन्हा घरनं पानी कधी तोंडले लावं नई. आपला तांब्या संगे आनेत. आमना हातनं भरीत चालस, पानी बाटस का?"

खरं तर त्यात तसं काही नव्हतं. गाळलेलं, उकळलेलं पाणी प्यायचा त्याचा नेम. वांग्यापुढे मोडलेल्या नेमांपैकी निदान एवढा तरी त्यानं धरून ठेवला होता, बुडणाऱ्या माणसानं फळी धरावी तसा. हे मी सांगू शकलो असतो. पण मी कसला नेम पाळत होतो? मीही त्याच्याच तांब्यातलं प्यायचो. सोय म्हणून. झोपडीच्या दाराशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ अकरा वर्षं होता, आणि त्याची चव मला सांगता येत नव्हती. मला, ज्यानं न खाल्लेल्या गट्ट्यांची चव सांगितली.

भाभी उठली. फिरकीचा तांब्या उघडला आणि होतं नव्हतं ते पाणी तिनं केळीच्या बुडाशी ओतून दिलं. "मला तहान लागली आहे," ती म्हणाली. "उपवास आहे, उकळून लागेल. देशील?" भिकुबाईनं चूल पेटवली. पहिलं लाकूड उचललं तेव्हा भाभी म्हणाली, "झटक जरा," आणि भिकुबाईनं ते तीनदा झटकलं. पातेलं चढलं. दोघींनी भाभीच्या पांढऱ्या फडक्याची दोन टोकं धरून पाणी गाळलं. मग ते निवायला किती वेळ. भिकुबाई एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत होती, चहावाला ओततो तशी, आणि वाफ तिच्या तोंडावर येत होती. चारची गाडी गेली. तिचा भोंगा रस्त्यावरून ऐकू आला. कुणी उठलं नाही. भाभी प्यायली, थांबून थांबून, पूर्ण पेला. मग भिकुबाईनं माठातलं एक भांडं भरून माझ्यापुढे धरलं. गार होतं, आणि त्याला किंचित धुराचा वास होता.

परतीला पाचची गाडी. खाकरे भिकुबाईकडे राहिले, खण तिच्या लेकीला. पूल गेला, भुसावळ गेलं, गाडी बदलली. सूर्य आमच्या समोर, काचेत. जळगाव जवळ आलं तेव्हा भाभी म्हणाली, "वास कसा आला नाही कधी मला?" मी शर्टाचं सांगितलं. "कुठे आहे?" "आमच्या खुंटीवर." "धुतला?" "नाही." "असू द्या तसाच. उद्या घेऊन जाईन." मग मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि ते शब्द जिभेवर नवे असल्यामुळे अडखळलो. ती म्हणाली, "ते नंतर. आधी मला एक सांगा. अकरा वर्षं मी सुगंधाबाईला ओळखत होते. घरात कुणाशी बोलायला मिळायचं नाही, तेव्हा तिच्याशी बोलायचे. आता ती गेली. कशी गेली, ते कुणीतरी मला सांगायला नको?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. "झोपेतच," मी म्हणालो. "त्रास झाला नाही." "गुडघा?" "गुडघा शेवटपर्यंत चांगला होता. तुमच्या तेलानं. आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना वाढलं, मागची चूल सारवली, चिमण्यांना दाणे टाकले आणि म्हणाली, जळगावच्या धनकुंवरला सांगा, गट्टे तिच्याच पद्धतीनं करत होते." भाभीनं पदर डोळ्यांना लावला, नीट पुसलं. माणूस गेल्यावर पुसतात तसं. "आणि कमल?" तिनं विचारलं. "कमलचं लग्न झालं, भाभी. एदलाबादला दिली. चांगलं घर आहे."

स्टँडातले दिवे दिसू लागले होते. "नाही, नाना," ती म्हणाली. "एदलाबाद फार जवळ झालं. धुळ्याच्याही पलीकडे द्या. नाहीतर उद्या कुणीतरी भेटायला निघेल."